अकरा फाटकं

टिकलीच्या हार्नेसला पट्ट्याची कडी अडकवली की ‘टक्’ असा छोटासा आवाज होतो. एके काळी त्या आवाजासरशी माझ्या पोटात गोळा यायचा. आमच्या दारापासून मैदानापर्यंत अकरा फाटकं आहेत आणि त्यांतल्या नऊ फाटकांमागे कुत्रे आहेत. दुसरा रस्ता नाही. अंतर म्हणाल तर धड अर्धा किलोमीटरही नाही. पण पहिलं वर्षभर ते अंतर आम्ही दोघींनी कसं कापलं ते आठवलं, की अजूनही माझी उजवी मूठ आपोआप आवळते.

टिकली आमच्याकडे आली तेव्हा दोन वर्षांची होती. आधीची दोन वर्षं तिने कुठे, कशी काढली हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तांबूस अंग आणि कपाळावर एक पांढरा ठिपका, म्हणून टिकली. घरात ती पहिल्या दिवसापासून शहाण्यासारखी वागली. बाहेर पडल्यावर मात्र तिसऱ्या फाटकापाशी ती रस्त्याला चिकटली. चारी पाय फाकलेले, पोट जमिनीला टेकलेलं, कान मागे पाडलेले. जाळीमागे एक थोराड काळा कुत्रा मागच्या दोन पायांवर उभा राहून भुंकत होता. त्याचं ऐकून पुढचा जागा झाला, पुढच्याचं ऐकून समोरचा, आणि वणवा सरकत जावा तसा तो आवाज पार मैदानापर्यंत पोचला. मी टिकलीला उचललं आणि घरी आणलं. सोळा किलोचा जीव छातीशी धरून चालताना तिच्या काळजाचे ठोके माझ्या मनगटावर लागत होते.

महिन्याभराने तिने पडून राहणं सोडलं आणि उलट भुंकायला सुरुवात केली. मला तेव्हा बरंच वाटलं. म्हटलं, धीट झाली. पट्टा ताणून, पुढचे दोन्ही पाय हवेत, मानेपासून शेपटापर्यंतचे केस उभे, अशी ती फाटकांकडे झेपावायची आणि मी तिला ओढत ओढत पुढे न्यायची. परत आल्यावर ती वाटीभर पाणी एका दमात प्यायची आणि दोन तास कोपऱ्यात पडून राहायची. व्यायाम झाला, दमली, असं मी समजत होते. पडून राहणारी टिकली आणि झेपावणारी टिकली एकाच भीतीने तसं वागत होती, हे कळायला मला फार वेळ लागला. पट्टा असल्यामुळे तिला पळता येत नव्हतं. पळता येत नसेल तर समोरच्याला पळवून लावायचं, एवढाच मार्ग तिच्याकडे उरला होता.

शेवटी एका ट्रेनरताईंना बोलावलं. त्या आमच्यासोबत चालल्या, पण टिकलीकडे त्यांनी फारसं पाहिलंच नाही. माझ्या हाताकडे बघत होत्या. दुसरं फाटक ओलांडलं आणि त्या म्हणाल्या, “ताई, ते फाटक अजून वीस पावलांवर आहे. पट्टा तुम्ही आत्ताच गुंडाळलात.”

मी खाली पाहिलं. खरंच, दीड मीटरचा पट्टा मी दोन वेढे घालून मुठीत घेतला होता. अंगठ्याखालची कातडी पांढरी पडली होती. टिकलीचे पुढचे पाय जेमतेम रस्त्याला टेकत होते.

मग त्यांनी रस्त्याच्या कडेलाच एक प्रयोग केला. पट्टा टिकलीच्या हार्नेसमधून काढून एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतःच्या दोन बोटांत धरलं. मला म्हणाल्या, “डोळे मिटा आणि मी काय करतेय ते सांगा.” मी डोळे मिटले. आधी काहीच नाही. मग दोरीत एक बारीकसा ताठपणा आला. मी म्हटलं, “तुम्ही ओढताय.” त्या म्हणाल्या, “ओढत नाहीये. फक्त श्वास रोखलाय.” पुन्हा केलं. पुन्हा कळलं. माझ्यासारख्या, पट्ट्याची सवय नसलेल्या माणसाच्या बोटांना जे कळत होतं, ते टिकलीला छातीवर आणि खांद्यांवर रोज सकाळ-संध्याकाळ कळत होतं. तिसरं फाटक यायच्या वीस पावलं आधी मी तिला सांगत होते, की आता वाईट होणार आहे. आणि मग खरोखरच वाईट होत होतं. तिच्या दृष्टीने मी कधी खोटी ठरलेच नव्हते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कुणी मला दोष दिला नव्हता, पण मनात एकच चाललं होतं, की मी तिला सांभाळतेय असं म्हणत होते आणि माझी भीती दीड मीटरच्या दोरीतून तिच्या अंगात सोडत होते. पुढे वाचनात आलं, की स्वीडनमधल्या लिंशोपिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अठ्ठावन्न कुत्र्यांच्या आणि त्यांच्या माणसांच्या केसांमधलं कॉर्टिसॉल मोजलं होतं. कॉर्टिसॉल म्हणजे ताण आला की शरीरात वाढणारं संप्रेरक, आणि केसांत त्याची अनेक महिन्यांची नोंद राहते. दोघांचे आकडे एकमेकांच्या मागोमाग जात होते, आणि माणसाचा ताण कुत्र्यात उतरत असावा असा त्यांचा निष्कर्ष होता. मला त्यात नवल वाटलं नाही. मी ते रस्त्याच्या कडेला डोळे मिटून अनुभवलं होतं.

पट्टा सैल ठेवायला शिकणं ही गोष्ट मला गाडी चालवायला शिकण्यापेक्षा कठीण गेली. हात सैल सोडायचा, कोपर अंगाजवळ, पट्ट्याला खाली झोळ आलेला दिसला पाहिजे. फाटक जवळ आलं की श्वास सोडायचा, तोही ऐकू येईल असा. मी घरात नुसत्या पट्ट्याला पाण्याची बादली बांधून, ती न हिंदकळता चालायचा सराव केला. आठवडाभर केला.

हात मोकळा झाला तसे माझे कानही मोकळे झाले. तोवर मला एकच गोष्ट ऐकू येत होती, ‘भुंकतायत’. आता वेगवेगळे आवाज वेगवेगळ्या फाटकांतून येऊ लागले. तिसऱ्याचं नाव मी नगारा ठेवलं. खर्जातला, भरीव, एकावर एक आदळणारा आवाज, मध्ये श्वास घ्यायलाही उसंत नाही. पाचवा सुतार. टोक... टोक... टोक, एका लयीत, वीस वीस मिनिटं. सातव्या फाटकात दोन छोट्या कुत्र्या आहेत, त्या झांजा. त्यांच्या भुंकण्यात पावलांचा आवाजही मिसळलेला असतो, कारण त्या कंपाउंडच्या भिंतीला लागून या टोकापासून त्या टोकापर्यंत आमच्याबरोबर धावत असतात. आणि नववा. नवव्याला मी नाव ठेवलं नाही. तो साखळीला असतो. त्याचा आवाज उंच पट्टीतला, मध्ये मोठी मोठी अंतरं, आणि प्रत्येक भुंकण्याच्या शेवटी एक हेल, वर जाऊन विरणारा.

बुडापेस्टच्या योत्वोश लोरांद विद्यापीठात पेटर पोंग्राट्स आणि आडाम मिक्लोशी यांच्या गटाने भुंकण्याचा पद्धतशीर अभ्यास केला आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात त्यांनी मुडी या हंगेरियन जातीच्या कुत्र्यांचं भुंकणं वेगवेगळ्या प्रसंगी ध्वनिमुद्रित केलं. दारात अनोळखी माणूस आलेला, खेळ चाललेला, फिरायला निघायची घाई, झाडाला बांधून एकटं सोडलेलं, असे ते प्रसंग. मग ते आवाज माणसांना ऐकवले. कुत्रा पाळणाऱ्यांना आणि आयुष्यात कधी न पाळलेल्यांनाही. दोघांनीही कोणता आवाज कोणत्या प्रसंगातला हे नुसत्या अंदाजाने जमेल त्यापेक्षा कितीतरी चांगलं ओळखलं. खालची पट्टी आणि घाईघाईने येणारे आवाज लोकांना रागाचे वाटले, उंच पट्टी आणि लांब अंतरं असलेले आवाज भीतीचे, एकटेपणाचे.

हे वाचलं आणि मी वही मिटून नवव्या फाटकाचा विचार करत बसले. झाडाला बांधून एकटं सोडलेलं. मला ते आधीपासूनच ऐकू येत होतं, मी ऐकलं नव्हतं एवढंच. आपल्या भाषेने तर हा फरक केव्हाच करून ठेवलाय. भुंकणं वेगळं, गुरगुरणं वेगळं, केकाटणं वेगळं, विव्हळणं वेगळं. आणि तरी रस्त्यावरून जाताना आपण सगळ्याला मिळून ‘कलकलाट’ म्हणतो.

‘भुंकणारं कुत्रं चावत नाही’ ही म्हण मात्र मी आता वापरत नाही आणि माझ्यासमोर कुणी वापरली तर शांतपणे विरोध करते. भुंकणं म्हणजे बहुतेक वेळा ‘लांब राहा’ अशी विनंती असते. लांब राहिलं तर प्रश्न मिटतो. न राहिलं, तर त्याच तोंडात दातही असतात. लहान मुलांना ही म्हण शिकवून आपण त्यांना फाटकातून हात घालायला लावतो. त्याऐवजी ‘तो काय मागतोय ते ऐक’ असं शिकवलं तर मुलंही वाचतील आणि कुत्रेही.

नगारा रोज इतका जीव तोडून का भुंकतो, याचं उत्तर मला त्याच्या बाजूने उभं राहून विचार केल्यावर मिळालं. त्याच्या जगात रोज सकाळी एक परकी बाई आणि एक परकी कुत्री त्याच्या हद्दीच्या दिशेने येतात. तो भुंकतो. त्या निघून जातात. त्याचं काम फत्ते होतं. आम्ही मैदानाकडे निघालो होतो आणि तसंही जाणारच होतो, हे त्याला कोण सांगणार? दिवसातून दोनदा आम्ही, शिवाय दूधवाला, पेपरवाला, कचऱ्याची गाडी, शाळेची मुलं. प्रत्येक जण भुंकलं की जातो. वर्षातून हजारो वेळा जे हमखास यशस्वी होतं ते कोण सोडेल? त्यातून मध्ये जाळी. कदाचित त्याला नुसतं हुंगायचं असेल, पण नाक पोचत नाही, पाय पोचत नाहीत, आणि ती अडवणूक हळूहळू रागात बदलते. फाटकामागे ज्यांचा असा थयथयाट चालतो त्यांतले कित्येक कुत्रे मोकळ्या मैदानात, भरपूर जागा मिळाली की, अगदी सभ्यपणे वळसा घालून एकमेकांना भेटतात. नगाऱ्याला मी एकदा त्याच्या माणसांबरोबर बाहेर पाहिलं. मान खाली, शेपूट निवांत, गवताचं एकच पातं तो कितीतरी वेळ हुंगत होता. मी ओळखलंच नाही त्याला.

लांडगे फारसे भुंकत नाहीत. मोठे झालेले लांडगे भुंकतात ते मुख्यतः धोक्याची सूचना द्यायला, आणि तेही थोडकंच. इतक्या प्रसंगी, इतक्या तऱ्हांनी भुंकणं हे कुत्र्यात माणसाच्या सहवासात वाढत गेलं असं बरेच अभ्यासक मानतात. आपल्याला राखणदार हवे होते, आवाज देणारे हवे होते. ते मिळाले. मग आपण त्यांना चार भिंतींत ठेवलं, कामं काढून घेतली आणि वर म्हणू लागलो की फार भुंकतात. मला हे अन्यायाचं वाटतं आणि ते मी इथे मोकळेपणाने लिहिते.

आता अंतराबद्दल, कारण आमचं चालणं खऱ्या अर्थाने बदललं ते अंतरामुळे.

ट्रेनरताईंनी सांगितलं होतं, की टिकलीला फाटक दिसावं, पण तिच्या डोक्यात भीतीचा स्फोट होऊ नये, असं अंतर शोधा आणि तिथेच थांबा. नगाऱ्यासाठी ते अंतर निघालं बावीस पावलं. झांजांसाठी नऊ. नवव्यासाठी, का कोण जाणे, फक्त चार. त्या अंतरावर उभं राहायचं. फाटकातून आवाज आला की टिकलीला खाऊचा एक तुकडा. आवाज थांबला की खाऊ बंद. यात हुशारी काही नाही. कुत्र्यांच्या पचनक्रियेचा अभ्यास करताना इव्हान पावलॉव्ह यांच्या लक्षात आलं होतं, की अन्न येण्याआधीच, नुसत्या त्याच्या चाहुलीने, कुत्र्यांच्या तोंडाला पाणी सुटतं. पचनावरच्या त्यांच्या कामाला १९०४ चं नोबेल मिळालं, पण आज त्यांचं नाव घेतलं जातं ते या चाहुलीसाठी. आम्हाला फक्त चाहूल बदलायची होती. नगारा म्हणजे संकट, याऐवजी नगारा म्हणजे खाऊ.

अंतर बरोबर आहे की नाही हे मला टिकलीचे ओठ सांगायचे. शांत असली की ती तुकडा ओठांनी उचलते, तळहाताला नुसता ओलसर मऊ स्पर्श होतो. ताण वाढला की दात लागतात. माझ्या बोटांच्या टोकांना त्या दिवसांत बारीक बारीक ओरखडे असायचे. आणि ताण फारच वाढला की ती खाऊ घेतच नाही. तोंडाजवळ धरलेला तुकडा खाली पडतो आणि तिला त्याचा वासही येत नाही. तसं झालं की मी काही न बोलता वळायची आणि पाच पावलं मागे जायची.

रस्ता ओलांडून पलीकडून जायचं, हेही तेव्हाच सुरू केलं. मोकळ्या जागेत आवाजापासूनचं अंतर दुप्पट झालं की त्याची पातळी सहा डेसिबलने उतरते. तीन मीटरवरून बारा मीटरवर गेलं की बारा डेसिबल कमी. ऑस्ट्रेलियात २०१२ मध्ये चार्ली नावाच्या एका गोल्डन रिट्रीव्हरचं भुंकणं ११३.१ डेसिबल भरलं होतं आणि तो जागतिक विक्रम ठरला. नगारा काही तेवढा नाही, पण टिकलीचा कान म्हणजे पंचेचाळीस हजार हर्ट्झपर्यंतचे उंच, बारीक स्वर ऐकणारा, जिथे आपला कान वीस हजारांपाशीच थांबतो. तिच्या कानाला ती पलीकडची बाजू म्हणजे केवढा विसावा असेल.

माझ्या नवऱ्याला हे पटत नव्हतं. तो म्हणाला, “अशी पळ काढायची सवय लावलीस तर ती जन्माची भित्री होईल. सरळ न्यायची मधून. हत्ती चालतो, कुत्रे भुंकतात.” मी त्याला म्हटलं, हत्तीच्या गळ्यात पट्टा नव्हता आणि तो सोळा किलोचा नव्हता. पुढे आमचा यावर खूप वाद झाला. घाबरलेल्याला धीर दिला की भीती वाढते, अशी त्याची समजूत होती आणि ती पुष्कळांची असते. पण भीती ही काही शिकवलेली करामत नव्हे की शाबासकी दिल्याने ती वाढावी. रात्री दचकून उठलेल्या मुलाला जवळ घेतल्याने त्याला दचकायची सवय लागत नाही. शेवटी मी त्याला एका सकाळी बरोबर नेलं आणि पट्टा त्याच्याच हातात दिला. पलीकडून जाताना टिकलीने नगाऱ्याकडे पाहिलं, मग मान वळवून वर त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी न सांगता रस्ता ओलांडला.

या सगळ्यात एक वाईट सकाळ आली, ती सांगायला हवी. सहाव्या घराचं फाटक कुणीतरी उघडं टाकलं होतं. त्या घरचा कुत्रा एरवी भुंकतही नाही, म्हणून माझं लक्ष नव्हतं. तो आवाज न करता आला, हेच भयानक होतं. ताठ शेपूट, डोळे टिकलीवर रोखलेले, सरळ रेषेत. मी किंचाळले. पट्टा माझ्या पायाभोवती गुंडाळला गेला, मी गुडघ्यावर पडले, आणि दोरी हातातून सरसरत गेली ती तळहाताची साल काढत गेली. टिकली केकाटली. तिच्या उजव्या कानाला दात लागला होता. घरातलं माणूस धावत आलं, कुत्र्याला धरलं, चार वेळा माफी मागितली. जखम टिकलीला दोन टाक्यांची आणि मला खरचटण्याची. पण आमचं सहा महिन्यांचं काम त्या अर्ध्या मिनिटात वाहून गेलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन निघणार होते. ‘घोड्यावरून पडलं की लगेच पुन्हा बसायचं’ असं मनाला सांगत होते. ट्रेनरताईंनी फोनवर थांबवलं. म्हणाल्या, तिच्या अंगातलं ताणाचं रसायन अजून उतरलेलं नाही. त्यावर आजचा नगारा, त्यावर उद्याचा सुतार, असं एकावर एक चढत जाईल आणि मग ती वाऱ्याने हललेल्या पिशवीलाही झेपावेल. म्हणून चार दिवस आम्ही बाहेर गेलोच नाही. अंगणात घमेल्यात वाळलेली पानं भरून त्यात खाऊ लपवून ठेवला. ती तास तास नाक घालून शोधत बसायची आणि मग माझ्या पायांवर डोकं ठेवून झोपायची. पाचव्या दिवशी निघालो ते पहाटे, सगळी फाटकं झोपेत असताना.

त्या पहाटेच्या फेऱ्यांत मला कळलं, की टिकलीला मैदानापर्यंत पोचण्यात काडीचाही रस नव्हता. पोचायचं मला होतं. तिला प्रत्येक खांबाचा बुंधा, प्रत्येक भिंतीचा कोपरा वाचायचा होता. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साठएक लाख, कुत्र्याच्या नाकात वीस-तीस कोटींच्या घरात. नवव्या फाटकाबाहेरच्या खांबापाशी ती एवढा वेळ का थांबते, हे मला एकदम लक्षात आलं. त्याला रात्री थोडा वेळ साखळीतून सोडत असावेत. त्याची रोजची खबर तिथे असायची. कदाचित म्हणूनच त्याच्यासाठी चार पावलांचं अंतर पुरत होतं. तिची त्याच्याशी ओळख होती.

तिच्या शेपटाकडेही मी तेव्हापासून बघायला लागले. इटलीतल्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं होतं, की आपलं माणूस दिसलं की कुत्र्याचं शेपूट उजवीकडे जास्त झुकत हलतं आणि दांडगट परका कुत्रा दिसला की डावीकडे. मी तिच्या मागे चालत असल्याने तिचं उजवं ते माझंही उजवं. नुसत्या डोळ्यांना हे दर वेळी नीट कळत नाही. पण नवव्या फाटकापाशी, खांब हुंगून झाल्यावर, एक-दोनदा मला ते शेपूट उजवीकडे झुकलेलं दिसलं आणि दिवसभर मी खूश होते.

हे इथवर लिहून मी थांबले असते. पण मागच्या वर्षी एक गोष्ट घडली आणि तिने मला या सगळ्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला नेऊन उभं केलं.

समोरच्या रांगेत एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा राहतो. त्याच्याकडे एक पिल्लू आलं, पांढरंशुभ्र, चालताना स्वतःच्याच पायात अडखळणारं. मैदानावर आमची गाठ पडायची. टिकली आणि ते पिल्लू शेजारी शेजारी गवत हुंगायची. एकदा तो मुलगा मला म्हणाला, “काकू, टिकली बाहेर भेटली की किती शांत असते. मग घरात असली की का अशी ओरडते?”

मी म्हटलं, “घरात? ती घरात आवाजही करत नाही रे.”

तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, “दुपारी करते, काकू. आम्ही तुमच्या घराच्या अलीकडेच रस्ता ओलांडतो. मोती खाली बसतो ना.”

मोती खाली बसतो. चारी पाय फाकून, पोट रस्त्याला टेकवून. मला ते विचारावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना मी जुना फोन खिडकीजवळ रेकॉर्डिंग लावून ठेवला. रात्री ऐकलं. दीड तासात सतरा वेळा. दर वेळी आधी दिवाणावर उडी मारल्याचा धप्प आवाज, मग तिचं भुंकणं, काचेवर नखं, मग दूर जाणारी पावलं, मग शांतता. ती जिंकत होती. माझ्या माघारी, दिवसातून कितीतरी वेळा, ती पेपरवाल्यावर, शाळेच्या मुलांवर, मोतीवर जिंकत होती. वर्षभर मी दहा फाटकं मोजत मोजत फिरले, त्यांच्या माणसांबद्दल मनात काय काय बोलले, आणि अकरावं आमचंच होतं. त्या मुलाने मात्र कधी तक्रार केली नाही. तो फक्त रस्ता ओलांडत होता.

मी नवऱ्यालाही ते ऐकवलं. मग आम्ही दोघांनी मिळून दिवाण खिडकीपासून हलवला. काचेच्या खालच्या अर्ध्या भागावर दुधी कागद चिकटवला. दुपारी ती एकटी असते त्या वेळेसाठी घमेलं अंगणातून आत आलं, जुन्या कपड्यांच्या चिंध्यांनी भरलेलं, तळाशी खाऊ. सुट्टीच्या दिवशी मी खिडकीजवळ बसून राहते. बाहेर चाहूल लागली आणि ती एकदा भुंकली, की मी उठून तिच्याजवळ जाते, बाहेर बघते आणि म्हणते, “ऐकलं गं. बघितलं मी.” आवाज देणं हे तिचं काम आहे, ते मला तिच्याकडून काढून घ्यायचं नाही. पण एकदा आवाज दिल्यावर पुढचं कुणीतरी बघतंय, हे तिला कळायला हवं. पहिल्या आठवड्यात ती माझं ऐकून न ऐकल्यासारखं करून भुंकतच राहायची. हळूहळू ती पहिल्या भुंकण्यानंतर माझ्याकडे वळून बघायला लागली.

काही रविवारांपूर्वी दुपारी मी पुस्तक घेऊन बसले होते. बाहेरून मोतीच्या गळ्यातल्या बिल्ल्याची किणकिण आली. टिकलीचा टाके पडलेला कान आधी उभा राहिला, मग दुसरा. ती एकदा भुंकली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, “ऐकलं.” तिने दुधी कागदाच्या वरच्या काचेकडे एकदा पाहिलं, सुस्कारा टाकला आणि पुन्हा पायांवर हनुवटी टेकली.

मी उभी राहून बाहेर पाहिलं. पूर्वी तो मुलगा आमच्या घराच्या दोन फाटकं अलीकडेच पलीकडे जायचा. त्या दिवशी तो आमच्या कंपाउंडच्या कोपऱ्यापर्यंत याच बाजूने आला. तिथे थांबला, मोतीला खाऊचा तुकडा दिला, आणि मग ओलांडला. पट्ट्याला छान झोळ होता.